जुन्या मोटारीचें मोल

मुंबई-कलकत्ता मार्ग म्हणून ओळखली जाणारी मोठी सडक नागपूर सोडून पूर्वेस निघाली म्हणजे भंडारा, लाखनी, साकोली हीं गांवें मागें टाकीत कोहमाऱ्याच्या नाक्यावर येते. येथून एक फांटा उत्तरेस गोरेगांवावरून गोंदियास जातो, दुसरा दक्षिणेस नवेगांवबांधाकडे उतरतो आणि मूळ सडक देवरीच्या रानांतून छत्तीसगडांत शिरते. इंग्रजी अमदानींत तिला ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. दुर्ग-रायपुराकडील माणसें तिच्या त्या भागास अजूनहि जी. ई. रोड असेंच म्हणतात. पुढें ती राष्ट्रीय महामार्ग ६ झाली आणि नव्या क्रमवारींत ५३ झाली. तालुक्याच्या गांवाचें नांव तर सडक अर्जुनीच आहे. सडकेनें ओळखल्या जाणाऱ्या या मुलखांत वाहनाची पारख कांहीं निराळ्या दृष्टीनें होते. मुंबईच्या पेढींत जुनी मोटार घेणारा गृहस्थ तिचा रंग, तिचें साल आणि मालकाचें नांव विचारतो. कोहमाऱ्यासारख्या नाक्यावरचा माणूस विचारतो तें एवढेंच कीं, ही रानांत बंद पडली तर हिचा सुटा भाग गोंदियांत मिळेल काय, आणि ती उघडून पुन्हां जोडणारा मिस्त्री कोठें आहे.

या दोन प्रश्नांत जुन्या मोटारीच्या किमतीचा सारा इतिहास सांठविलेला आहे. जुनी मोटार हें विकत घेण्यास मोठें विचित्र जिन्नस होय. धान्य मुठींत घेऊन पाहतां येतें, सोनें कसावर घांसतां येतें. परंतु मोटारीचें खरें दुखणें एंजिनाच्या पोटांत असतें आणि तें विकणाऱ्यास ठाऊक असतें, घेणाऱ्यास नसतें. मध्यमवर्गाच्या घरीं घर बांधण्याच्या खालोखाल मोठा खर्च पुष्कळदां याच वस्तूवर होतो. म्हणून तिच्या भावाची कथा ही केवळ शौकिनांची कथा राहत नाहीं.

हिंदुस्थानांत मोटार आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस. मुंबईंत जमशेटजी टाटा हे मोटार बाळगणाऱ्या पहिल्या हिंदी गृहस्थांपैकीं एक होते. १९१४ सालीं मोटारींसंबंधीं पहिला अखिल भारतीय कायदा झाला, १९१९ सालीं मुंबईंत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारवाल्यांची संस्था निघाली, आणि १९२८ सालीं जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें शिवडीस परदेशांतून आलेले भाग जुळवून गाड्या बनविण्याचा कारखाना काढला. लवकरच फोर्ड कंपनीचेंहि काम मुंबईंत सुरू झालें. अमेरिकन गाड्या विलायती गाड्यांहून उंच, दणकट आणि मानानें स्वस्त असत. खडीच्या व मुरमाच्या रस्त्यांस त्या मानवल्या.

त्या काळच्या गाडीची एक रचना जुन्या बाजारास फार उपकारक ठरली. खालीं लोखंडी तुळयांचा सांगाडा, ज्यास चासी म्हणतात, आणि वर त्यावर बोल्टांनीं बसविलेली पेटी, असे तिचे दोन स्वतंत्र भाग असत. शहरांतील वकील-डॉक्टरांची अगर संस्थानिकांची गाडी जुनी झाली कीं, ती मोफसलींत जाई. तेथें सुतार-लोहार वरची पेटी कापीत, लांकडी बांकें ठोकीत आणि चार-पांच माणसांची गाडी दहा-बारा उतारूंची ‘सर्व्हिस मोटार’ होऊन तालुक्याच्या गांवास धांवूं लागे. रूप गेलें तरी सांगाडा आणि एंजिन यांचें मोल कायम राही. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत पेटी आणि सांगाडा एकजीव असतात; एकदां पत्रा कुजला कीं सारेंच संपलें. जुन्या मोटारीस पूर्वीं तीन जन्म मिळत, आतां फार तर दोन मिळतात, त्याचें एक कारण हें आहे.

दुसऱ्या महायुद्धानें या व्यवहारास पहिला मोठा धक्का दिला. नव्या गाड्या येणें थांबलें, १९४१ पासून पेट्रोलचें रेशन सुरू झालें, आणि प्रवासी मोटारींच्या पाठीवर कोळशाचा वायु तयार करणाऱ्या भट्ट्या बसल्या. कोळशावर चालणारी मोटार चढावर धापा टाकी, राखेनें एंजिन खाई. तरी ती चालत असे, आणि चालणाऱ्या गाडीस त्या वर्षांत वाटेल तो भाव येई. युद्ध संपल्यावर उलट पूर आला. लष्कराच्या शिलकी मालाच्या विक्रींत जीपा आणि ट्रक ढिगांनीं निघाले. चारहि चाकांस जोर लावतां येणारी जीप ही जंगलच्या मुलखास जणूं सांगून केलेली वस्तु होती. लांकूड, बांबू आणि तेंदूपत्ता यांवर जगणाऱ्या पूर्व विदर्भांत अशा गाडीस कच्ची वाट आणि नाल्याची उतार यांचें भय नव्हतें. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या कंपनीनें (भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानांत गेल्यावर तिचें नांव महिंद्र अँड महिंद्र झालें) मुंबईस विलीज जीपा जुळविण्यास सुरुवात केली. तीच जात पुढें कित्येक दशकें थोड्याफार फरकानें येथेंच बनत राहिली, म्हणून जुन्या जीपचा भाग नव्या जीपला आणि नव्याचा जुन्याला बसे. एखाद्या वाहनाचें म्हातारपण सुखाचें व्हावें यास याहून मोठें वरदान नाहीं.

मोटारींच्या बाबतींत मात्र निराळेंच घडलें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें कुर्ल्यास १९४७ सालीं क्रायस्लर कंपनीच्या परवान्यानें गाड्या काढण्यास आरंभ केला. १९४९ सालीं पूर्ण बनलेल्या मोटारींची आयात बंद झाली. १९५३ सालीं टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि सरकारनें ठरविलें कीं, ज्यांस देशांत खरोखर उत्पादन करावयाचें असेल त्यांनींच रहावें; नुसतीं खोकीं उघडून भाग जुळविणाऱ्यांनीं आवरतें घ्यावें. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघींनीं मुंबईचे कारखाने बंद केले. देशी उद्योगाच्या दृष्टीनें हें धोरण योग्य होतें कीं नाहीं याविषयीं वाद होऊं शकेल, परंतु ज्यांच्या दारांत शेव्हरोलेट अगर फोर्ड उभी होती त्यांच्या दृष्टीनें त्या दिवसापासून गाडीची आई मेली.

आणि तरीहि त्या गाड्या चालल्या. येथें मिस्त्री या माणसाचा कालखंड सुरू होतो. जो भाग मिळत नाहीं तो लेथवर कातून काढावयाचा, दुसऱ्या जातीच्या गाडीचा पिस्टन घांसून बसवावयाचा, झिजलेला सिलिंडर पुन्हां बोअर करून त्यांत मोठ्या मापाचा पिस्टन घालावयाचा, ही विद्या कोणत्याहि शाळेंत शिकविली जात नव्हती. कुर्ल्याच्या भंगार बाजारांत मेलेल्या गाड्यांचीं हाडें सुटीं करून मांडलेलीं असत आणि महाराष्ट्रभरचे मोटारवाले तेथें जिवंत गाड्यांसाठीं अवयव शोधीत येत. १९५८ या एकाच वर्षीं जुनी मोटार दोन चित्रपटांत पुढें यावी हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे: मुंबईंतील तीन भावांच्या गॅरेजची हिंदी विनोदी कथा ‘चलती का नाम गाडी’, आणि छोटा नागपुरांतील एका टॅक्सीवाल्याचें आपल्या खिळखिळ्या शेव्हरोलेटवरचें प्रेम दाखविणारा ऋत्विक घटकांचा बंगाली ‘अजांत्रिक’. पहिल्यांत लोक हंसले. दुसऱ्याच्या शेवटीं गाडी भंगारवाल्याकडे जाते.

१९५४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट ११०० निघूं लागली, १९५७-५८ च्या सुमारास कलकत्त्याकडून अँबॅसडर आली आणि १९६१ पासून मद्रासेकडून स्टँडर्ड हेरल्ड. तीन कारखाने, परवान्यानें बांधलेलें उत्पादन, आणि वाढता मध्यमवर्ग. मागणी व पुरवठा यांचा मेळ बसेना. १९५९ सालीं मोटारींच्या वाटपावर सरकारी नियंत्रणाचा हुकूम निघाला. क्रमांक लावावयाचा आणि वाट पहावयाची. १९६९ सालीं सरकारनें किमतीहि ठरवून दिल्या तेव्हां कारखानदार सर्वोच्च न्यायालयांत गेले. फियाटसाठीं वर्षेंच्या वर्षें थांबणें ही गोष्ट इतकी नित्याची झाली कीं, मोटारीचा क्रमांक लागणें ही बातमी घरांत लग्न ठरल्याच्या थाटानें सांगितली जाई. पुण्याच्या बजाज स्कूटरची तीच कथा, आणि ती तर अधिक घरांना ठाऊक आहे.

यांतून जें उत्पन्न झालें तें अर्थशास्त्राच्या पुस्तकांत बसणारें नव्हतें. वापरलेल्या फियाटला नव्या फियाटच्या अधिकृत किमतीहून जास्त पैसे पडूं लागले. नवी गाडी स्वस्त, पण ती मिळणार कांहीं वर्षांनीं. जुनी महाग, पण ती उद्यां दारांत उभी राहणार. लोक पत्र्याचे पैसे देत नव्हते, वाट न पाहण्याचे देत होते. नशीबवान माणूस नवी गाडी घेई, थोडी वापरी आणि नफा घेऊन विकी. मोटारीसारखी रोज झिजणारी वस्तु सोन्यासारखी सांठवणीची वस्तु झाली, आणि ‘गाडी विकूं नये, वाढतेच आहे’ असा हिशेब सभ्य घरांतूनहि ऐकूं येऊं लागला.

नेमक्या याच सुमारास, १९६७-६८ सालीं, जॉर्ज अकेरलोफ नांवाचा एक तरुण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ दिल्लीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्यें वर्षभर होता. १९७० सालीं त्याचा एक छोटासा निबंध प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीं तीन प्रतिष्ठित नियतकालिकांनीं तो नाकारला होता. विषय होता जुन्या मोटारींचा बाजार. अमेरिकेंत नवी कोरी गाडी दुकानाबाहेर पडतांच तिची किंमत एकदम कां घसरते, हा त्याचा प्रश्न. त्याचें उत्तर असें: गाडी चांगली कीं वाईट हें मालकास कळतें, घेणाऱ्यास कळत नाहीं, म्हणून घेणारा सरासरी गाडीचाच भाव देतो. तेवढ्यांत चांगल्या गाडीचा मालक ती विकावयास काढीत नाहीं. बाजारांत उरतात त्या वाईट गाड्या. तें पाहून घेणारा आणखी कमी भाव देतो. मग त्यांतल्या त्यांत बऱ्या होत्या त्याहि निघून जातात. अविश्वासानें बाजार असा आंतून पोखरला जातो. त्याच निबंधांत हिंदुस्थानांतील सावकारी व्याजाचा दाखलाहि आहे: गांवचा सावकार शहरच्या दरापेक्षां कितीतरी जास्त व्याज घेतो, कारण कोण परत देईल आणि कोण बुडवील हें त्यासच ठाऊक असतें. २००१ सालीं या विचारासाठीं अकेरलोफ यांस अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

अमेरिकेंत वाईट गाडीस बोलीभाषेंत ‘लिंबू’ म्हणतात आणि निबंधाच्या नांवांतहि तीं लिंबें आहेत. महाराष्ट्रांत लिंबू मिरच्यांसह गाडीच्या पुढें टांगतात आणि नव्या गाडीच्या चाकाखालीं चिरडतात, तें संकट टळावें म्हणून. एकाच फळाकडे दोन देशांनीं वाहनाची दोन निराळीं कामें सोंपविलीं आहेत.

अकेरलोफ यांनीं वर्णिलेला अविश्वास महाराष्ट्रांत नव्हता असें नव्हे. तो पुरेपूर होता. टंचाईनें तो फक्त झांकला होता. त्यावर येथील लोकांनीं आपल्या परीनें उपाय काढले होते. पहिला उपाय मालक पाहण्याचा. मुंबईंत ‘बावाजीची गाडी’ म्हटली कीं भाव चढे, कारण पारशी गृहस्थ गाडी लेकरासारखी ठेवतो अशी सर्वांची खात्री. ‘डॉक्टरची गाडी’, ‘एकाच हातची गाडी’ हे शब्द वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत अशाच हेतूनें येत. दुसरा उपाय मिस्त्रीस बरोबर नेण्याचा. हा माणूस फारसें बोलत नसे. तो एंजिन थंड असतांनाच यावयाचें ठरवी, कारण तापविलेलें एंजिन आपलीं दुखणीं लपवितें. मग मागच्या नळीचा धूर पाही: निळसर असेल तर पिस्टनच्या कड्या झिजून तेल जळत आहे, काळा असेल तर पेट्रोल जास्त जात आहे, आणि तें थोडक्यांत सुधारतां येतें, पांढरा धूर एंजिन तापल्यावरहि राहिला तर पाणी सिलिंडरांत उतरत आहे, आणि अशा गाडीस नमस्कार करून परतावें. पेडलावरचें रबर गुळगुळीत झालेलें आणि मैलाचा कांटा मात्र तरुण, असें दिसलें तर कांटा फिरविलेला आहे हें सांगण्यास ज्योतिषी लागत नसे.

प्रांतभेदहि विचारांत घ्यावा लागे. मुंबई-कोंकणच्या खाऱ्या हवेंतील गाडी वरून चकचकीत आणि दारांच्या तळाशीं, चाकांच्या वर, पायांखालीं कुजलेली असे. ती खालून पहावी. विदर्भाच्या कोरड्या हवेंत पत्रा टिकतो, परंतु उन्हाळ्यांतील उष्णतेनें रबरी नळ्या फाटतात, रेडिएटर दमतो आणि पेट्रोलची नळींतच वाफ होऊन गाडी भर दुपारीं हटून बसते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईंत असंख्य गाड्या बुडाल्या. तेव्हांपासून जुन्या बाजारांत आणखी एक शंका येऊन बसली: गाडी भिजलेली तर नाहीं? आधुनिक गाडीच्या तारा व विजेचीं यंत्रें पाण्यानें लगेच मरत नाहींत. सहा महिन्यांनीं मरतात.

टंचाईचें युग संपलें तें दोन टप्प्यांनीं. १४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुति ८०० लोकांच्या हातीं आली. तिची किंमत सुमारें ४७,५०० रुपये होती. प्रारंभीं तीहि रांगेनेंच मिळे आणि वापरलेलीवर अधिक पैसे मोजावे लागत. नंतर उत्पादन वाढलें, आणि १९९३ सालीं मोटारउद्योगावरील परवानापद्धति उठल्यावर रांगच नाहींशी झाली. जुन्या गाडीचा भाव नव्याच्या खालीं आला तो पुन्हां वर गेला नाहीं. ज्यांनीं फियाट ही ठेव समजून जपली होती त्यांची ठेव थोड्याच वर्षांत वितळली. या वितळण्याविषयीं कोणीं मोर्चा काढला नाहीं, कारण टंचाईचा नफा हा आपला हक्क होता असें उघड म्हणणें कोणासच शोभलें नसतें.

आतां शौकिनांचे दोन पक्ष पडले. एक म्हणे, थोड्या पैशांत मोठी, सुखाची, विलायती घडणीची जुनी गाडी घ्यावी. तिचा भाव पडला आहे हाच तिचा गुण. दुसरा म्हणे, लहान असो, पातळ पत्र्याची असो, पण जिचे भाग प्रत्येक तालुक्याच्या गांवीं मिळतात तीच घ्यावी. अनुभवानें बहुधा दुसऱ्याची बाजू घेतली. प्रीमियर आणि पूजो यांच्या भागीदारींतून कल्याणास निघालेली पूजो ३०९ चालविण्यास उत्तम होती. कारखानाच थोड्या वर्षांत थांबला आणि मालक भागांसाठीं हिंडूं लागले. दाएवूच्या सिएलोवर तीच वेळ आली. आणि मग इतिहासानें आपलें एक पान पुन्हां उलटलें. १९५० नंतरच्या दशकांत निघून गेलेल्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघी नव्वदींत परत आल्या होत्या; फोर्डची एस्कॉर्ट तर प्रथम महिंद्रांच्या नाशिकच्या कारखान्यांतच बनली. जनरल मोटर्सनें २०१७ च्या अखेरीस देशांतील विक्री थांबविली, तिच्या तळेगांवच्या कारखान्याचें काम २०२० च्या अखेरीस बंद झालें, आणि सप्टेंबर २०२१ मध्यें फोर्डनेंहि येथील उत्पादन बंद करण्याचें जाहीर केलें. भाग व दुरुस्ती मिळत राहील असें दोघींनीं सांगितलें. बाजारानें तें ऐकून घेतलें आणि भाव खालीं नेला. आजोबांच्या शेव्हरोलेटचें जें झालें तेंच नातवाच्या शेव्हरोलेटचें झालें, इतकेंच कीं नातवाच्या गाडींत संगणक आहे आणि तो लेथवर कातून काढतां येत नाहीं.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांस हें तत्त्व कोणी शिकवावें लागलें नाहीं. प्रीमियर पद्मिनीचें उत्पादन संपल्यावरहि त्यांनीं ती सोडली नाहीं, कारण तिचें पोट उघडणारा माणूस प्रत्येक गल्लींत होता. ताडदेवच्या कचेरींत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा भरून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली.

अलीकडे किंमत ठरविणारा तिसरा हात आला आहे, तो कायद्याचा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें दिल्लीच्या परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांस बंदी केली आणि २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. एंजिन ठणठणीत असतांहि तेथील गाड्यांचें मोल एका हुकुमानें उतरलें आणि त्या इतर प्रांतांकडे निघाल्या. स्वस्ताईस भुलणाऱ्यानें दुसऱ्या राज्यांतील गाडीचें ना-हरकत पत्र आणि महाराष्ट्रांतील कर हे दोन्ही खर्च आधीं मांडावे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांच्या मोटारीची नोंदणी पुन्हां करण्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेली, तेव्हां कित्येक म्हाताऱ्या गाड्या परसांतच राहिल्या.

याहून गंभीर बाब नांव बदलण्याची आहे. १९८८ च्या कायद्याच्या ५० व्या कलमानें विकणाऱ्यानें, गाडी त्याच राज्यांत राहत असल्यास, चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानें तीस दिवसांत कचेरीस कळविलें पाहिजे. पुष्कळ लोक कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून, पैसे मोजून मोकळे होतात. ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयापुढें अशीच एक गाडी आली होती. ती एकामागून एक अनेक हातांतून गेली, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नांवें राहिली, आणि मध्यें तिच्याखालीं माणूस मेला. न्यायालयानें भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर टाकली. गाडी विकून ज्याला कित्येक वर्षें झालीं आणि जी आतां कोठें आहे हेंहि ज्याला ठाऊक नाहीं, तोच कायद्याच्या दृष्टीनें तिचा धनी.

विदर्भाच्या नाक्यांवर शहरांतून उतरलेल्या जीपांच्या आयुष्याचा उत्तरार्ध काळी-पिवळीच्या रूपानें वर्षानुवर्षें चालत आला. नागपुरास किंवा मुंबईस जिला ‘दमलेली’ म्हणून विकली, तीच गाडी येथें आठवड्याच्या बाजारास माणसें, कोंबड्या आणि धान्याचीं पोतीं वाहून नेई. म्हणून सडक अर्जुनी तालुक्यांतील माणूस अशी गाडी घेतांना धूर पाहतो, पत्रा ठोकून पाहतो, चासीचा क्रमांक कागदाशीं ताडून पाहतो, सावकारी पेढीचा बोजा उतरला आहे काय हें विचारतो, आणि मग एक दिवस कामधंदा सोडून कोहमाऱ्याच्या नाक्यावरून उत्तरेचा फांटा धरतो. गाडीचें पुस्तक त्याच्या नांवावर होण्याची कचेरी गोंदियास आहे.